खालच्या बाणाचं चक्र

१ ऑगस्ट २००४, रविवार

ही डायरी जानेवारीत एका कीटकनाशकवाल्याने दिली होती, त्याच्या दुकानाचा बोर्ड रंगवला तेव्हा. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलेला आहे. सात महिने मी तिच्या पानांना ब्रश पुसले, त्यामुळे आमच्याकडे हे वर्ष ऑगस्टपासूनच सुरू होतंय. आज ज्योत्स्नाने उरलेली डायरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "कुणाला कुठल्या तारखेचं कबूल केलंय ते रोज लिहीत जा. गिऱ्हाईक आलं की 'उद्या देतो' म्हणता, आन् उद्या कोण आलं तर वळखत बी न्हाई."

ही अतिशयोक्ती आहे. ओळखतो मी. फक्त काम झालेलं नसतं.

खरी गोष्ट अशी की आता उशीर करायलाही काम उरलेलं नाही. नारायणगावात फ्लेक्सचं मशीन आलं. सकाळी फोटो द्यायचा, दुपारी दहा फुटांचा माणूस गुंडाळी करून घरी न्यायचा. ऑक्टोबरात आमदारकीची निवडणूक आहे. मागच्या निवडणुकीला मला जेवायला सवड नव्हती, या वेळी एकाही पक्षाचा माणूस 'कपिल आर्ट्स'ची पायरी चढला नाही. सोळा वर्षं आळेफाट्याच्या निम्म्या पाट्या माझ्या हाताच्या आहेत.

काल ज्योत्स्नाचा थोरला भाऊ नानासाहेब येऊन गेला. चाकणच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. तिथे रंगखात्यात एक जागा आहे. आकड्याला टांगलेले लोखंडी भाग समोरून जातात, त्यांच्यावर फवारा मारायचा. रंग एकच, राखाडी. पगार महिन्याच्या महिन्याला.

तो गेल्यावर ज्योत्स्नाने निकाल दिला. "दिवाळीपर्यंत बघू. लक्ष्मीपूजनापर्यंत तुमच्या हाताला फ्लेक्सवाल्याला जमणार न्हाईत अशी दोन कामं लागली, तर दुकान ऱ्हाऊ द्या. न्हाई लागली तर दुकानाचे पत्रे खाली उतरवायचे आन् चाकण. दादाला मी काय ते सांगते, तुमी मधी पडू नका. तुमी बोलायला गेलं की भांडण व्हतं."

अंगणवाडी सेविकेच्या मानधनात घर ओढणाऱ्या बाईला चाकणचा पगार दिसणारच. तिला दोष देत नाही. पण वाईट वाटलं.

छापील सल्ला: मोकाट पाण्याने पिकाची मुळे कुजतात.

१७ ऑगस्ट, मंगळवार

आज एकदम एक कल्पना सुचली.

हौशीराम शेठचं मिक्सर, टीव्ही, पंख्यांचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे. त्याला दसरा ते दिवाळी गर्दी खेचणारं काहीतरी हवंय. फ्लेक्स तर शेजारच्या तिघांनी लावलेत, त्यामुळे त्याने चौथा लावला तरी तो दिसणार नाही, एवढं त्याला कळतं.

दुपारी ज्योत्स्नाला डबा द्यायला अंगणवाडीत गेलो. तिने पुठ्ठ्याची गोल चकती भिंतीला टाचणीने लावली होती, तिच्यावर फळांची चित्रं. एकेक पोर येऊन चकती फिरवायचं, पेरू आला की पेरू म्हणायचं. पोरं अशी रांगेत उभी, जणू आत लग्नाचं जेवण आहे. ज्योत्स्ना म्हणाली, "बघा, पेरू समद्यांना म्हायती हाय, तरी फिरवायला रांग. हौशीराम शेठला काय पाहिजे म्हणत व्हता तुमी?" मी म्हटलं, गर्दी. ती म्हणाली, "हां." आणि पोरांकडे वळली.

तिथून फाट्यावर येईपर्यंत माझ्या डोक्यात अख्खं चक्र तयार झालं. माणसाइतकं उंच. वस्तू घेतली की एकदा फिरवायचं, बाण ज्या घरावर थांबेल ते बक्षीस. शेठ ऐकून उभाच राहिला. म्हणाला, "पेंटर, हे डोकं तुझंच का?" मी म्हटलं, मग कुणाचं.

२९ ऑगस्ट, रविवार

सायकलवाल्याकडून पुढच्या चाकाचा हब आणला, त्यावर प्लायवूडची गोल फळी बसवली. बोटाने ढकलली तर मिनिटभर फिरते. काठाला खिळे, बाणाच्या टोकाला ट्यूबचा तुकडा, म्हणजे टकटक आवाज येतो. हा आवाज माझी कल्पना. (ज्योत्स्ना म्हणते तिने म्हटलं होतं, "पोरांना आवाज आवडतो." म्हटलं असेल.)

घरं चोवीस करणार होतो. विहाराच्या दारावर धम्मचक्र मीच काढलंय, त्यामुळे वर्तुळाचे चोवीस भाग सुतळी आणि खिळ्यावर डोळे मिटून पाडतो. माझी आई कोंडाबाई शेंगा निवडत बसली होती. तिने मोजले.

"चोवीस आऱ्या तिकडं," ती म्हणाली. "मिक्सर-बिक्सरला दुसरा आकडा बघ."

वीस केले. वीसला फार डोकं लागतं.

१२ सप्टेंबर, रविवार

शेठशी बाणावरून दोन तास.

चक्राचा बाण वर असतो, हे जत्रेत गेलेल्या कुणालाही विचारावं. पण शेठच्या दुकानात सगळ्यात वर त्याची आई असते. साळुबाई आजी. पाऊणशे वयाच्या, धडधाकट, रोज सकाळी येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याला गाव विचारतात. दुकानाचं नाव त्यांचं, पिशवीवर फोटो त्यांचा. चक्राच्या वरच्या कमानीतही शेठला त्यांचा चेहराच हवा.

"मग बाण आजींच्या खाली लावू," मी म्हटलं.

"म्हंजी आईच्या हनुवटीतून बाण काढतो?"

"मग वर, डोक्याच्या वरून."

"आईच्या डोक्यावर बाण? तुला लोकांनी काय म्हणायचं न्हाई, मला म्हणतील."

डावीकडे बाण लावला तर तो शेजारच्या दुकानाकडे दाखवतो, उजवीकडे लावला तर मुतारीकडे. शेवटी बाण खाली गेला. खालून वर टोक. शेठ खूश झाला, म्हणाला, बाणसुद्धा आईकडं बघतोय.

मला काय, बाण तो बाण.

२६ सप्टेंबर, रविवार

पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण मी काम करत होतो. ज्योत्स्नाला वाचायची असेल तर ही ओळ वाचावी.

मिक्सरचं घर आज पूर्ण झालं. असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून मिक्सरचा आकार फुगवून घेतला, म्हणजे हात लावला तर भांडं हाताला लागतं. त्यावर रंगाचे सात हात. पत्र्याचं झाकण कापून खिळ्यांनी बसवलं, तारेचं बटण, कडेला आरशाचे तुकडे, मागे सोनेरी किरणं. फ्लेक्सवाल्याने हे पाहावं आणि मशीनला गोणपाट घालावं.

बाकीची घरं साधी आहेत: चहाचे ग्लास, गाळणी, कंगवा, साबण. आणि मिक्सरच्या बरोबर समोरच्या बाजूला सलग चार घरं 'पुन्हा भेटा'. त्यांना एकच हात दिला. 'पुन्हा भेटा' लिहिताना कुणाचा जीव लागणार?

ज्योत्स्नाने चक्राकडे बराच वेळ पाहिलं. "फिरवून बघितलं का?"

फिरवून बघितलं की. ड्रमवर आडवं ठेवलंय, कारण ओला रंग उभा केला की ओघळतो, हे पेंटरला सांगावं लागत नाही. आडवं अगदी लोण्यासारखं फिरतं, कुठेही थांबतं.

"उभं करून बघा," ती म्हणाली.

रंगातलं तिला काय कळतं.

६ ऑक्टोबर, बुधवार

नानासाहेबाचा दोन महिन्यांत एक फोन नाही. एरवी तो फोनवर हवामानसुद्धा सांगतो. ज्योत्स्नाला विचारलं, तर ती भाकरी थापत म्हणाली, "कामात असंल. जागा धरून ठेवलीया म्हणालाय." कधी म्हणाला? "म्हणाला."

साळुबाई आजींचं नाक दोनदा पुसलं. चेहरा काढताना त्या समोर बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "डाव्या गालावरचा तीळ काढला का?" तीळ उजव्या गालावर आहे. त्या आरशात बघून सांगतात.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याला आठवडा. कमान झाली, बाण झाला, तीळ झाला. चक्राला शेवटचा हात राहिलाय. चार दिवस पावसाळी हवा, रंग वाळत नाही, असं मी शेठला कळवणार होतो. अशा वेळी दसऱ्याऐवजी धनत्रयोदशी म्हटलं तरी माणूस समजून घेतो.

ज्योत्स्ना चहा ठेवता ठेवता म्हणाली, "दादाचा निरोप व्हता. कारखान्याची राखाडी डांगरी शिवायला टाकू का म्हणून. तुमचं माप इचारत व्हता."

संध्याकाळपर्यंत शेवटचा हात मारला. हवा तेवढी काही दमट नव्हती.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

कबूल केलेल्या दिवशी काम दिलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. टेम्पोवाल्याला खरं वाटेना, तो दोनदा विचारून गेला की आजच का. शेठच्या दुकानात कमान, चक्र, बाण सगळं उभं केलं. लोक रस्ता ओलांडून बघायला आले. कोपऱ्यात बारीक अक्षरात सही केली: कपिल, आळेफाटा. फ्लेक्सवर कुणाची सही असते?

एक काम झालं. लक्ष्मीपूजनापर्यंत अजून एक पाहिजे. उद्या ते सुद्धा चालत येईल.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही सगळे विहारात गेलो. वंदना झाली. तिथून तसाच शेठच्या दुकानात. साळुबाई आजी खुर्चीवर, आजींचा चेहरा कमानीवर, दोघींच्या कपाळाला एकच कुंकू.

पहिलं गिऱ्हाईक बोरी बुद्रुकचे रखमाजी. इस्त्री घेतली. चक्र फिरवलं, टकटकटक, आणि बाणासमोर मिक्सर.

टाळ्या. शेठने स्वतः हार घातला. पहिल्याच माणसाला पहिलं बक्षीस, ह्याला पायगुण म्हणतात, असं मी शेजारच्याला सांगितलं. दुसरी बाई, साबण. मिक्सरच्या शेजारचं घर. तिसरा, मिक्सर. शेठ हसला, पण हार घालायला नोकराला पाठवलं. मग ग्लास, मग साबण, मग मिक्सर. रखमाजी तोवर एसटी स्टँडवर खांद्यावर खोकं घेऊन उभे होते आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला इस्त्री घ्यायला सांगत होते. अकरा जणांत चार मिक्सर गेले. शेठने अख्ख्या दिवाळीला एकच काढून ठेवला होता.

साडेअकराला त्याने चक्रावर चादर टाकली. रांगेतला एक जण म्हणाला, "काय झालं शेठ?" शेठ म्हणाला, "चक्र जेवायला गेलंय."

मला मागच्या खोलीत नेलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "पेंटर, सणाचा दिवस हाय म्हणून तोंड उघडत न्हाई. उद्या टेम्पो आण आन् हे घिऊन जा. मी नारायणगावला फ्लेक्स टाकतो."

फ्लेक्स म्हणाला. माझ्यासमोर.

साळुबाई आजी मात्र जाताना म्हणाल्या, "काय बी म्हण, देतंय लई."

२३ ऑक्टोबर, शनिवार

चक्र अंगणात. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. ज्योत्स्नाने ते एकटीने भिंतीला उभं केलं, फिरवलं. परत फिरवलं. सात वेळा. आई शेंगा सोडून बघायला आली.

"तुमचा मिक्सर खाली बसतोय," ज्योत्स्ना म्हणाली. "जड झालाय. सात हात रंग, लांबी, पत्रा, आरसे. आन् वर 'पुन्हा भेटा'ला एकच हात."

मी म्हटलं, रंगाला कुठं एवढं वजन असतं. तिने चक्र हलकेच सोडलं. ते डुलत डुलत गेलं आणि मिक्सर तळाला येऊन थांबला, बाण असता तर त्याच्या टोकावर. मी हाताने वर ढकलला. परत खाली आला. असं मी बराच वेळ केलं.

म्हणजे बाण वर असता तर मिक्सर कुणालाच लागला नसता. किंवा मी उभं करून पाहिलं असतं तर. किंवा मिक्सर थोडा वाईट काढला असता तर. यातलं शेवटचं मला जमलं नसतं.

आई म्हणाली, "तराजू एका बाजूला झुकला तर वाणी काय करतो?" ज्योत्स्ना म्हणाली, "पासंग लावतो." आणि दोघी माझ्याकडे बघत बसल्या.

मी पासंग लावायचं ठरवलं. 'पुन्हा भेटा'च्या मागे एक बोल्ट बसवून नट घातला. तीसदा फिरवलं, ज्योत्स्नाने अंगणवाडीच्या वहीत टिपलं. मिक्सर दोनदा, बाकी सगळी घरं थोडीथोडी. आता ते कुणाचंच ऐकत नाही, जसं चक्राने असावं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

चक्र टेम्पोत घालून शेठकडे गेलो, चूक कबूल केली, पासंग दाखवला. त्याने मागे जाऊन नटाला बोट लावलं. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी त्याने आजवर फक्त नवीन मालाकडे पाहिलेली आहे.

"एक नट लावला तर सारखं झालं. अजून दोन लावले तर?"

मी मनात हिशेब केला. अजून दोन लावले तर मिक्सर कायम वर, आजींच्या हनुवटीखाली. बाणासमोर 'पुन्हा भेटा'.

"तसं करून दे," तो म्हणाला. "ओतूरला, घोडेगावला, मंचरला माझी ओळखीची दुकानं हायेत. पाच चक्रं सांगतो तुला. दिवाळीच्या आत."

दोन कामं पाहिजेत, हा पाच देतोय.

२७ ऑक्टोबर, बुधवार

दोन नट खिशात घेऊन फिरतोय. कालपासून.

सोळा वर्षांत मी काय कमी खोटं रंगवलंय? 'ताजी मिठाई' मी लिहिली आहे. 'शेवटचे तीन दिवस' लिहिलंय आणि वर्षाने तोच बोर्ड पुसून परत रंगवलाय. पण तिथे वाचणाऱ्याला माहीत असतं आणि लिहिणाऱ्यालाही. चक्राला माणूस हात लावतो तेव्हा त्याला वाटतं की आता आपलं आपल्या हातात आहे. आणि कोपऱ्यात सही माझी.

हे सगळं ज्योत्स्नाला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, लावा नट, चार घास सुखाने खाऊ. किंवा म्हणेल, सोडा आणि चाकणला चला, एकदाचं सुटेल. ती म्हणाली, "तुमी ठरवा." मग थोड्या वेळाने, "रखमाजीच्या सूनबाई काल अंगणवाडीत आल्या व्हत्या. मिक्सरवर चटणी केली म्हणून वाटीभर घिऊन आल्या. शेंगदाण्याची."

याचा इथे काय संबंध, मला कळलं नाही. चटणी चांगली होती.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

पाच चक्रं गेली. झालं ते लिहून टाकतो.

सकाळी शेठकडे गेलो. खरं सांगायचं तर 'नाही' म्हणायला गेलो होतो की नट लावायला, हे दारात पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं. शेठ बँकेत गेला होता. पाना घेऊन चक्रामागे वाकलो, तर साळुबाई आजी खुर्चीवरून म्हणाल्या, "काय लावतो रं?"

खुर्चीवर एक साळुबाई, वर कमानीत एक. दोन्हीकडून बघत होत्या. मी काढलेले डोळे जरा मोठेच झालेत.

मी सांगून टाकलं. एका नटाने काय होतं, तीन नटांनी काय होतं.

आजींनी शेठ येईपर्यंत मला तसंच उभं ठेवलं. मग त्याला म्हणाल्या, "हौशीराम, ह्यो खेळ खोटा करायचा असंल तर आदी माझं त्वांड पुसून टाक. वर मी बसायचं आन् खाली लबाडी व्हायची, हे मला जमायचं न्हाई. कुणी मिक्सर न्हाई लागला म्हणून शिवी दिली तर ती कुणाच्या तोंडावर पडंल?"

"आई, चार मिक्सर गेलं गं."

"मंग दुकान मिक्सरचंच हाय ना?"

शेठ आईपुढे बोलत नाही. माझ्याशी मात्र बोलला: चक्र राहील, एक नट राहील, पण पाच चक्रांचं विसर, आणि दिवाळीनंतर तोंड दाखवू नको. मी दोन नट गल्ल्यावर ठेवले आणि निघालो.

बरं वाटायला हवं होतं. आळे गावापर्यंत चालत आलो, तेवढ्यात थोडंसं वाटलंही. मग चाकणची राखाडी डांगरी आठवली.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडा काही नाही. ब्रश धुऊन तेलात ठेवले. छोटे नंबर एका डब्यात, मोठे एका. ज्योत्स्ना दारातून बघत होती. म्हणाली, "अजून आठ दिस हायेत. डबे कशाला बांधताय?" मी म्हटलं, तुला पाहिजे तेच करतोय ना. ती आत गेली. डोळ्यांत काहीतरी गेलं असावं, पदर लावत होती.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. माणसाचं नाव कुंडलिक, शिनोलीचा, खतं-बियाण्यांचं दुकान.

"मिक्सर देनारं चक्र तुमीच केलं का?"

मी आधी अंदाज घेतला की तो कुणाच्या बाजूने बोलतोय. मग म्हटलं, हो.

तो म्हणाला, त्याची बहीण बोरीत दिलीय, रखमाजींच्या शेजारी. दसऱ्यापासून तिकडे दुसरा विषय नाही. बाकीच्या चक्रांवर कंगवाच लागतो, फाट्याच्या चक्रावर खरंच मिक्सर लागतो. लोक गाडी बदलायला फाट्यावर उतरतात आणि आधी चक्राकडे जातात. हौशीराम शेठने स्वतः मागच्या रविवारी अजून दोन मिक्सर बाजूला काढून ठेवलेत. "मला तसंच पाहिजे," कुंडलिक म्हणाला. "पंप ठिवणार हाय बक्षीस. फवारणीचा. चित्र तसंच फुगलेलं काढा."

म्हटलं, काढीन, पण मागे पासंग लागेल. तो म्हणाला, तुमाला काय लावायचं ते लावा, आमचा तुमच्यावर इस्वास हाय.

दोन झाली. आणि नीट बघितलं तर माझ्या चांगुलपणामुळे एकही नाही. दुसरं आलं ते चुकलेल्या चक्रामुळे. त्या सकाळी चार मिक्सर गेले नसते तर शिनोलीपर्यंत कोण बोललं असतं? हे मी कुणाला सांगणार नाही. ज्योत्स्नाला सांगितलं, तर ती इतकी हसली की आईने आतून विचारलं, काय झालं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लक्ष्मीपूजन. आमच्याकडे पूजा नसते, पण तारीख आमची होती.

दोन कामं हाताला लागली आहेत. तेव्हा नानासाहेबाला आपणच, पुरुषासारखं, सांगावं की जागा धरून ठेवू नकोस, असं ठरवलं. तीन महिने बिचाऱ्याने अडवून ठेवली. ज्योत्स्ना अंगणवाडीत पणत्या रंगवून घेत होती. मी एसटी स्टँडवरच्या बूथमध्ये गेलो, आभाराची दोन वाक्यं मनात जुळवली, आणि चाकणला फोन लावला.

"कसली जागा, दाजी?" नानासाहेब म्हणाला.

रंगखात्यातली.

"ती तर गणपतीच्या आदीच भरली. ज्योत्स्नानं मला दुसऱ्या दिवशीच फोन केला व्हता. म्हणाली, ह्यांना हितं आणायचं न्हाई. म्हणाली, दादा, राखाडी रंगात त्यांना उभं केलंस तर पगार घरी येईल, पण ते यायचे न्हाईत." मग म्हणाला, "तुमाला सांगू नको म्हणाली व्हती. म्हणाली, तारीख डोक्यावर असल्याबिगर त्यांचा ब्रश हालत न्हाई. आता मी सांगितलं हे तिला सांगू नका, माझं डोकं खाईल."

डांगरीचं माप?

"कसली डांगरी?"

फोन ठेवला. बाहेर माणसं वाट बघत होती, तरी मी काही वेळ तिथेच उभा राहिलो. राग यायला हवा होता. मला रडू आलं. सोळा वर्षांत माझ्या पाट्यांबद्दल लोक पुष्कळ चांगलं बोलले, पण माझ्याबद्दल एवढं मोठं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही मला कळणार नाही अशा ठिकाणी.

घरी येऊन ही डायरी मागून पुढे वाचली. सतरा ऑगस्टच्या पानावर एक शब्द घालावा लागला. 'कल्पना सुचली'च्या आधी 'हिच्यामुळे' घालायला जागा नव्हती, समासात लिहिलं.

संध्याकाळी ज्योत्स्ना आली. हातांना पिवळा रंग. पदराने पुसत म्हणाली, "शिनोलीचं कधी देताय?"

माझ्या तोंडात सवयीने आलं, "उद्या."

"पंचवीस तारखेच्या आत द्या," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून चुलीकडे गेली. "दादाचा आजच निरोप व्हता. जागा अजून हाय म्हणतो. नव्या वर्षापर्यंत ठेवतोय."

मी तिच्या पाठीकडे बघितलं.

"ठेवू दे म्हणावं," मी म्हटलं. आणि ब्रशांचा बांधलेला डबा सोडायला घेतला.